व्हॉलंटियर फायर कंपनीवर भरवसा ठेवायचा का, आणि बेचाळिशीत आपण त्यात जावं का? पेनसिल्व्हेनियातून एक लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की न्यू जर्सीतल्या एडिसनहून गेल्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियात खेड्यात तीन एकरावर घर घेतलंत, काम घरून, पाणी विहिरीचं, थंडीत लाकडाचा स्टोव्ह. टाउनशिपला, म्हणजे इथल्या गावपातळीच्या कारभाराला, पगारी फायर ब्रिगेड नाही, आहे ती व्हॉलंटियर फायर कंपनी, म्हणजे गावच्याच बिनपगारी लोकांचं अग्निशमन दल. त्यांचं वर्गणीचं पत्र आलंय, शेजारचा प्लंबर जेवणाच्या ताटावरून उठून निळा दिवा लावून सुसाट निघालेला तुम्ही बघितलात, आणि आता विचारताय की फुकटात काम करणाऱ्यांच्या भरवशावर घरदार सोडायचं का, पैसे द्यायचे का, आणि बेचाळिसाव्या वर्षी आपण स्वतः जावं का, कारण मिसेस नको म्हणतायत.

मी मूळचा वाळवा तालुक्यातला, इथे तुमच्यासारख्याच एका गावात बरीच वर्षं फायर कंपनीत आहे, पोटापाण्याला वेगळी नोकरी. तर आधी ते "फुकट"चं बाजूला ठेवू. पेनसिल्व्हेनियातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त फायर कंपन्या व्हॉलंटियरच आहेत आणि अख्ख्या अमेरिकेत बघितलं तर दर तीन फायरफायटरमधले साधारण दोघे बिनपगारी असतात. प्रकार नवीन नाही, १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली तीही अशीच होती, मेंबरांनी स्वतःच्या चामडी बादल्या आणि सामान वाचवायच्या पिशव्या घेऊन यायचं. आजचं फायरफायटर-वनचं, म्हणजे आग विझवण्याच्या पायाभूत ट्रेनिंगचं सर्टिफिकेट पगारीला आणि बिनपगारीला एकच. कंपनीगणिक ट्रेनिंगमध्ये फरक पडतो हे खरं, कुठे सगळे सर्टिफाइड असतात, कुठे निम्मेच, पण तो पगाराचा प्रश्न नाही, चीफ किती कडक आहे याचा आहे.

खरा प्रश्न वेगळा आहे. मंगळवारी दुपारी दोन वाजता गावात माणसं किती असतात, आणि तुमच्या घरापर्यंत पाणी किती पोचतं. बाकी सगळं यावर ठरतं.

माणसांचं आधी सांगतो. तुम्ही ९११ केलंत की फोन काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाच्या) सेंटरला जातो, तिथून आमच्या पेजरवर टोन, म्हणजे बोलावण्याचा इशारा वाजतो आणि आजकाल फोनच्या ॲपवरही येतं. घराला आग म्हटलं की एकट्या तुमच्या गावची कंपनी नाही, आजूबाजूच्या तीन-चार कंपन्या एकदमच सुटतात, ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं. आता स्टेशनमध्ये कोणी बसलेलं नाही. प्लंबर कामावरून, कोणी शेतावरून, कोणी दुकान बंद करून आपापल्या गाडीने स्टेशनला पोचतो, गियर म्हणजे आगीचा संरक्षक पोशाख चढवतो, गाडी काढतो. रात्री नऊ वाजता हे पटकन होतं कारण सगळे घरी असतात. दुपारी मात्र निम्मी मंडळी चाळीस मैलांवर नोकरीला गेलेली असतात. पुरेशी माणसं जमली नाहीत तर काउंटी थोडा वेळ थांबून पुढच्या कंपनीला टोन देते, आणि ती पाच-सहा मिनिटं फुकट गेलेली असतात. एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचं १७२० नावाचं जे व्हॉलंटियर कंपन्यांसाठीचं मानक आहे त्यात ग्रामीण भागासाठी अपेक्षा काय, तर चौदा मिनिटांत सहा माणसं, तीही शंभरपैकी ऐंशी वेळा. तुम्हाला हे कमी वाटेल. इथे खेड्यात राहणाऱ्याला ते पुष्कळ आहे.

आणि माणसं कमीच होत चाललीत. १९७० च्या दशकात या राज्यात तीन लाखाच्या आसपास व्हॉलंटियर होते, २०१८ मध्ये विधिमंडळाच्या आयोगाचा जो रिपोर्ट आला त्यात आकडा अडतीस हजारांवर आला होता. कारणं तीच, गावातली फॅक्टरी बंद, नोकरी लांब, दोघेही कमावते, पोरांचे सॉकर, आणि ट्रेनिंगचे तास पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. लँकेस्टर काउंटीत गंमत बघा, तिथल्या बऱ्याच कंपन्यांत ॲमिश मंडळी आहेत, म्हणजे मोटारी न चालवता जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ. ती फायर ट्रक चालवत नाहीत, चालवायला दुसरं कोणीतरी लागतं, पण दिवसा ती शेतावर किंवा वर्कशॉपात म्हणजे गावातच असतात, त्यामुळे दुपारच्या कॉलला माणूस मिळतो. हे लक्षात ठेवा, पुढे तुमच्या कामाचं आहे.

माणसं कशाला एवढी लागतात असं वाटेल. दोघं आत जाणार असतील तर दोघं पूर्ण तयारीत बाहेर उभे असायला लागतात, आतल्यांना काही झालं तर त्यांना काढायला. म्हणजे चार झाले. पंपावर एक, कमांडला एक, झाले सहा. आत कोणी अडकलंय हे नक्की माहीत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबत नाहीत.

आता पाणी. एडिसनला रस्त्याला हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा नळ होता, इथे नाही. आम्ही पाणी सोबत आणतो. पहिल्या पंपरमध्ये, म्हणजे पंप आणि टाकी असलेल्या बंबात, साधारण हजार गॅलन, म्हणजे पावणेचार हजार लिटर. ऐकायला भरपूर, पण एका होजने मिनिटाला दीडशे गॅलन उडतात, दोन होज लावले की साडेतीन मिनिटांत टाकी कोरडी. म्हणून मागोमाग टँकर येतात, दोन-तीन हजार गॅलनचे. रस्त्यातच एक ताडपत्रीची घडीची टाकी उघडून ठेवतात, टँकर आला की मागचा व्हॉल्व उघडून दोनेक मिनिटांत त्यात ओततो आणि परत भरायला पळतो, तोवर दुसरा आलेला असतो. भरायची जागा म्हणजे ओढा, तळं, कोणाचं तरी शेततळं. तिथे दुसरा पंप बसवून पाणी ओढायचं. पंपाची ताकद कितीही असो, पाणी वीस-पंचवीस फुटांपेक्षा खाली असेल तर ओढायची आशा धरू नका, हवेचा दाबच तेवढा आहे. जानेवारीत तळं गोठलेलं असतं, मग चेनसॉने बर्फ कापून भोक पाडून त्यात सक्शन पाइप सोडायचा. पाण्याची ही ये-जा जमून आली की आग विझते, मध्ये एक टँकर चिखलात रुतला की सगळं बोंबलतं.

आमच्याकडे वाळव्यात उसाला आग लागली की तारेचं घर्षण झालं म्हणायचं, कोणीतरी कारखान्यावर फोन करायचा आणि कारखान्याचा बंब येईपर्यंत पोरं पाचट झोडपत फड वाचवायची. तिथे माणसं शेकड्याने धावतात पण होज कोणाकडे नसतो. इथे आठ लाख डॉलरचा पंपर उभा आणि चालवायला माणूस नाही.

हे वाचून घाबरला असाल तर अजून एक गोष्ट, ती घाबरवायला नाही, नियोजनाला. यूएल या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या अमेरिकन संस्थेने प्रयोग केले होते, आजच्या सोफा-गालिचाची दिवाणखान्यासारखी खोली चार मिनिटांच्या आत एका झटक्यात पूर्ण पेटली, जुन्या काळच्या लाकूड-कापसाच्या सामानाच्या खोलीला तेच व्हायला जवळपास अर्धा तास लागला. म्हणजे जिथे आग लागली ती खोली चौदा मिनिटांत येणारी कंपनी वाचवणार नाही, आणि खरं सांगायचं तर शहरातली पगारीही बऱ्याचदा नाही वाचवत. आम्ही वाचवतो ते बाकीचं घर. माणसं तुम्हीच वाचवायची, आम्ही यायच्या आत, आणि ती दोन गोष्टींनी वाचतात. प्रत्येक मजल्यावर आणि प्रत्येक बेडरूममध्ये चालू अलार्म, आणि रात्री झोपताना बेडरूमचं दार बंद. बंद दारामागची खोली आणि उघड्या दाराची खोली, आग विझल्यावर दोन्ही बघितल्यात तर परत कधी दार उघडं टाकून झोपणार नाही तुम्ही. आपल्या लोकांना पोरांची दारं उघडी ठेवायची सवय असते, ती मोडा.

तुमच्याकडे लाकडाचा स्टोव्ह आहे म्हणून चिमणीच्या आगीचं जरा सविस्तर सांगतो, आमच्याकडे थंडीत हा ठरलेला कॉल. ओलं लाकूड जाळलं, हवा कोंडून धुमसत ठेवलं की चिमणीच्या आतून डांबरासारखा चकचकीत काळा थर बसतो, क्रिओसोट. एक दिवस तो पेटतो. घरच्यांना आधी आवाज येतो, मालगाडी गेल्यासारखा, आणि बाहेरून बघितलं तर चिमणीच्या तोंडातून ठिणग्यांचं कारंजं. आम्ही आलो की पहिलं काम पाणी मारणं नसतं, तापलेल्या चिमणीत पाणी ओतलं की आतलं अस्तर तडकतं आणि भिंतीतून आग घरात शिरते. दोघं आत जातात, दारापासून स्टोव्हपर्यंत ताडपत्री अंथरतात कारण घरमालकिणीचा गालिचा हा नंतर गावात चर्चेचा विषय होतो. स्टोव्हमधले निखारे फावड्याने पत्र्याच्या बादलीत काढून बाहेर नेऊन ओतायचे. एक जण शिडीने वर जातो, त्याच्या खिशात झिप-लॉकच्या छोट्या पिशव्या, त्यात आग विझवायची कोरडी पावडर. एकेक पिशवी चिमणीत टाकायची, प्लास्टिक वितळतं, पावडर उडते, आग गुदमरते. तेवढ्यात आत तिसरा माणूस थर्मल कॅमेरा घेऊन प्रत्येक मजल्यावर चिमणीलगतची भिंत बघत असतो, कुठे पांढरं, म्हणजे गरम दिसलं तर भिंत उघडायची. माळ्यावर तर बघायचंच. सगळं थंड झालं की दोन अलार्म मोफत लावून देतो आणि सांगतो, सर्टिफाइड माणसाकडून चिमणी साफ करून तपासून घेतल्याशिवाय काडी पेटवायची नाही. तुम्ही दर वर्षी ऑक्टोबरच्या आत साफ करून घ्या आणि लाकूड निदान वर्षभर वाळलेलंच जाळा. राख कागदी पिशवीत भरून डेकवर ठेवू नका, चार दिवसांनीही त्यात जीव असतो.

आणि एवढं आगीचं बोलतोय पण आगी कमीच असतात हो. गाड्यांचे अपघात, तारेवर पडलेलं झाड, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, बाथरूममध्ये पडलेली आजी आणि उचलायला फक्त आजोबा, पावसात तुंबलेली तळघरं. शेतावर सायलोतला विषारी वायू, ओलसर चारा गंजीत घातल्यामुळे आतून तापत जाऊन पेटलेलं कोठार. मोठा अपघात असला तर हेलिकॉप्टर येतं, त्याला शंभर बाय शंभर फुटांची मोकळी सपाट जागा आम्ही शोधून, तारा कुठे आहेत ते पायलटला रेडिओवर सांगून, लोकांना लांब ठेवून द्यायची. वादळात तीन दिवस लाइट गेली की फायर हॉल उघडतो, जनरेटर असतो, लोक फोन चार्ज करायला आणि ऑक्सिजनचं मशीन लावायला येतात. तुमच्या गावातलं लग्नाचं रिसेप्शन, निवडणुकीचं मतदान, एखाद्याच्या मयतीनंतरचं जेवण, सगळं त्याच हॉलमध्ये होताना दिसेल.

आता पैशाचं. ही कंपनी बहुतेक वेळा टाउनशिपचं खातं नसते, स्वतंत्र ना-नफा संस्था असते. टाउनशिप फायर टॅक्समधून काही देते, किती ते तुमच्या टाउनशिपवर आहे, बैठकीला जाऊन विचारा, कोणीही सांगेल. परराज्यातल्या विमा कंपन्यांच्या फायर इन्शुरन्सच्या हप्त्यावर दोन टक्के टॅक्स आहे, तो व्हॉलंटियरांच्या रिलीफ असोसिएशनला जातो, पण तो सेफ्टीच्या सामानाला आणि माणसांच्या विम्यालाच वापरायचा. डिझेल, हॉलचं छप्पर, ट्रकचे टायर, याला पैसे आपण जमवायचे. नवा पंपर सात ते दहा लाख डॉलरचा, एका माणसाचं अंगावरचं गियर आणि श्वासाचा सेट मिळून दहा हजारांवर जातो. म्हणून चिकन बार्बेक्यू, लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या) शुक्रवारी फिश फ्राय, बिंगो. लँकेस्टरकडे तर फेब्रुवारी-मार्चमध्ये मड सेल भरतात, चिखलात उभं राहून गोधड्या, घोडे, बग्ग्या, जुनी अवजारं लिलावात घ्यायची आणि नफा फायर कंपनीला. एकदा जाऊन या, पोरांना आवडेल.

थोडक्यात ते पत्र म्हणजे आपल्याकडच्या मंडळाची वर्गणीच समजा, फरक एवढाच की पावती फाडली नाही म्हणून तुमच्याकडे यायचं कोणी थांबणार नाही. द्या, जमेल तेवढे द्या. फक्त फोनवर कोणी फायरफायटरांच्या नावाने कार्ड नंबर मागितला तर देऊ नका, त्यात फसवणूक फार चालते. पत्रावरचा पत्ता स्टेशनचाच आहे ना बघा आणि चेक स्वतः नेऊन द्या, त्या निमित्ताने ओळख होते. विम्याचंही सांगून टाकतो, बऱ्याच विमा कंपन्या एक ते दहा असा वर्ग धरतात, एक सर्वांत चांगला, दहा म्हणजे संरक्षण धरलेलंच नाही. त्यात स्टेशन रस्त्याने पाच मैलांच्या आत आहे का आणि हायड्रंट हजार फुटांच्या आत आहे का हे बघतात. हायड्रंट नसला तरी कंपनीने टँकरने सलग पाणी पुरवून दाखवलं तर वर्ग सुधारू शकतो, म्हणजे फिश फ्रायचे पैसे तुमच्या हप्त्यातून थोडेफार परत येऊ शकतात.

राहिला मुख्य मुद्दा, तुम्ही जावं का. वय आड येत नाही. दमा, हृदयाचा त्रास, गुडघे असतील तर आत जायचं काम नाही, डॉक्टरची तपासणी होतेच. आत जायचं असेल तर दाढी काढावी लागेल, मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला हवा, मिशी चालते. ट्रेनिंग रात्री आणि शनिवार-रविवारी, चार टप्प्यांत, पूर्ण व्हायला एक हिवाळा सहज जातो, काही भाग ऑनलाइन, आणि बहुतेक ठिकाणी खर्च कंपनी करते. पण सगळ्यांनी आगीत घुसलंच पाहिजे असं कुठेय. टँकर चालवणारा लागतो, पंप चालवणारा लागतो, आणि पेनसिल्व्हेनियात फायर पोलीस नावाची भूमिका असते, शपथ घेऊन अपघाताच्या जागी रस्ता अडवायचा, ट्रॅफिक वळवायचं. बोअरिंग वाटतं, पण महामार्गावर आमच्या पाठीशी तो माणूस नसेल तर कोणाचा जीव जाईल सांगता येत नाही. शिवाय फेडरल ग्रँटचे अर्ज भरणारा, हिशेब ठेवणारा. तुम्ही आयटीतले, तुमच्यावर चीफ अर्ज भरायला झडप घालेल हे आत्ताच सांगतो.

आणि वर ॲमिशांचं म्हटलं ते आठवा. तुम्ही घरून काम करता. मंगळवारी दुपारी दोनला गावात असणारा, गाडी चालवू शकणारा माणूस, हे कंपनीला आज सगळ्यात दुर्मिळ आहे. मॅनेजरला आधी सांगून ठेवा की अधूनमधून मीटिंगमधून उठावं लागेल, तो नाही म्हणाला तर फक्त संध्याकाळचे कॉल घ्या, कोणी रागवत नाही. प्रत्येक टोनला जायलाच हवं असं नसतं.

मिसेसची भीती खोटी नाही, तिला हसण्यावारी नेऊ नका. इजा होते, कॅन्सरचा धोका वाढतो म्हणून गियर धुवायचं, घरात-गाडीत आणायचं नाही असे नियम आहेत. ड्युटीवर काही झालं तर वर्कर्स कॉम्पचं, म्हणजे कामावरच्या इजेच्या विम्याचं संरक्षण असतं. पण जास्त त्रास आगीचा नसतो, रात्री तीनला वाजणाऱ्या पेजरचा आणि दिवाळीच्या फराळाला पाहुणे बसलेले असताना उठून जाण्याचा असतो, आणि काही कॉल असे असतात की नंतर दोन दिवस माणूस गप्प राहतो. तिला सोबत घेऊन स्टेशनला जा, बाकीच्यांच्या बायकांशी आणि नवऱ्यांशी बोलू दे, खरं काय ते त्याच सांगतील. तुम्ही अजून व्हिसावर असाल तर स्टायपेंड, टॅक्स क्रेडिट असलं काही घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड असेल तर २०१६ च्या राज्याच्या कायद्याने बऱ्याच टाउनशिप व्हॉलंटियरांना लोकल टॅक्समध्ये सूट देतात, तुमची देते का ते ऑफिसात कळेल. मुलगा चौदाचा झाला की तो ज्युनियर म्हणून येऊ शकतो, आगीत नाही, पण सरावाला आणि सामानाच्या कामाला.

जॉइन व्हा न व्हा, या आठवड्यात घरचं एवढं करा. रस्त्यालगत दोन्ही बाजूंनी दिसेल असा चकाकणारा घर नंबर लावा, हिरव्या पाटीवर पांढरा, मेलबॉक्सवरचे सोनेरी आकडे रात्री दिसत नाहीत. ड्राइव्हवेवरच्या फांद्या साडेतेरा फुटांपर्यंत छाटा आणि रुंदी निदान बारा फूट मोकळी ठेवा. ओढ्यावर खासगी पूल असेल तर चीफला येऊन बघायला सांगा, तीन हजार गॅलनच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच अकरा टनांच्या वर असतं आणि शंका असली तर ड्रायव्हर पुलावर गाडी घालणार नाही, मग होज रस्त्यापासून ओढत आणावा लागतो. तळं असेल तर त्याच्यापर्यंत ट्रक पोचेल अशी वाट ठेवा.

बहुतेक कंपन्यांचा सराव आठवड्यातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी असतो, पाटीवर लिहिलेलं असतं, दार उघडं असतं, सरळ आत जा. चीफला दोनच प्रश्न विचारा, आठवड्याच्या दिवशी दुपारी तुमच्याकडे किती माणसं निघतात, आणि माझ्या घराला पाणी कुठून आणाल. दुसऱ्या प्रश्नाला त्याने लगेच अमक्याचं तळं, तमक्या पुलाखालचा ओढा असं सांगितलं तर कंपनी चांगली आहे. पहिल्या प्रश्नाला तो बहुतेक तुमच्याकडे बघून विचारेल की तुम्ही दुपारी काय करता.

निळ्या दिव्याचं राहिलंच, प्लंबरला साइड द्या. तो दिवा लावून त्याला सिग्नल तोडायचा हक्क मिळत नाही, तुम्ही बाजूला झालात तरच तो लवकर पोचतो.